बासून ऐकू येतो का?

मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्टोंचं नवं ध्वनिमुद्रण आलं की चर्चा ठरलेल्या वाटेनं जाते. वादकाची बोटं किती स्वच्छ, संथ भागाला त्यानं किती वेळ दिला, केडेंझा (पियानोनं एकट्यानं वाजवायचा मोकळा भाग) कुणाचा वाजवला आणि मागच्या पिढीतल्या अमुकतमुकापेक्षा तो सरस की नाही. सोबत चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे तीस-पस्तीस वादकांचा आटोपशीर वाद्यवृंद असेल, तर त्याची बोळवण 'पोत पारदर्शक आहे' एवढ्या एका वाक्यात होते. गेल्या साठ वर्षांत या रचनांचे डझनाहून अधिक संपूर्ण संच निघाले आणि त्यांतले बहुतेक अशा लहान वाद्यवृंदांबरोबरचे आहेत. एवढं सगळं होऊनही लहान वाद्यवृंदामुळे नेमकं काय साधतं, याचं उत्तर मोघमच राहिलं आहे. व्हायोलिनं कमी झाल्यामुळे पियानो मोकळेपणानं ऐकू येतो, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. व्हायोलिनं कमी झाल्याचा खरा लाभ पियानोला होतच नाही. तो ओबो, क्लॅरिनेट, बासून, फ्लूट आणि हॉर्न या फुंकवाद्यांच्या पदरात पडतो. हे एकदा मान्य केलं तर गाजलेल्या संचांची प्रतवारी बरीच बदलते. आपल्याकडच्या श्रोत्याला तर हा प्रश्न जास्तच लागू आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, म्हणून प्रत्यक्ष ऐकण्याचे काही योग येतात; एरवी हे संगीत आपल्यापर्यंत पोचतं ते मुद्रणातूनच, आणि मुद्रणात जे दबलं ते रचनेत होतं याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

पुरावा आधी रचनांमध्येच शोधायला हवा. क्रमांकानं हे कॉन्चेर्टो २७. पहिले चार पोरवयातले, इतरांच्या सोनाटांवरून बेतलेले. सातवा तीन पियानोंसाठी आणि दहावा दोन पियानोंसाठी. उरलेल्या एकवीसांत फुंकवाद्यांचं स्थान कसं पालटत गेलं ते पाहण्याजोगं आहे. १७७७ सालचा के. २७१ (के. म्हणजे मोझार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) धाडसी आहे, त्यात दुसऱ्याच मापात पियानो मध्ये तोंड घालतो. पण फुंकवाद्यं म्हणाल तर दोन ओबो आणि दोन हॉर्न, आणि त्यांचं काम बहुतेक वेळा भरण्याचं. व्हिएन्नात बस्तान बसवल्यावर १७८२-८३मध्ये लिहिलेले के. ४१३, ४१४ आणि ४१५ तर फुंकवाद्यं वगळून चार तंतुवाद्यांबरोबरही वाजवता येतील, अशी जाहिरात मोझार्टनं स्वतः केली होती. फेब्रुवारी १७८४मधला के. ४४९ हीसुद्धा अशीच दोन्ही सोयींची रचना आहे. त्यानंतर लगोलग आलेल्या तिघांबद्दल मात्र त्यानं वडिलांना बजावून लिहिलं, की यांत फुंकवाद्यांशिवाय भागणार नाही. पत्रावर विश्वास नसेल तर के. ४५०ची सुरुवात ऐकावी. व्हायोलिनं गप्प आहेत. ओबो आणि बासून जोडीजोडीनं, अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी चढत एक वाक्य बोलतात आणि मग कुठे तंतुवाद्यं त्यांना उत्तर देतात. वाद्यवृंदातली ज्येष्ठता इथे पहिल्या काही सेकंदांत उलटी झाली आहे, आणि १७८६च्या अखेरपर्यंत ती बहुतांशी तशीच राहते.

फुंकवाद्यांची ही मांडणी त्या काळच्या कानांना कशी लागत होती, याचाही पुरावा आहे. फेब्रुवारी १७८५मध्ये मोझार्टचे वडील लिओपोल्ड साल्झबुर्गहून व्हिएन्नाला आले. ११ तारखेला, पोचले त्याच दिवशी, त्यांनी मेलग्रुबच्या सभागृहात डी मायनर कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग ऐकला. त्याच्या प्रती नक्कलकार शेवटच्या घटकेपर्यंत उतरवत होता. दोन दिवसांनी बुर्गथिएटरमध्ये मुलाचा आणखी एक कॉन्चेर्टो झाला, बहुधा के. ४५६. मुलीला पाठवलेल्या पत्रात त्यांनी आपल्या डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं आहे. कारण काय, तर बसायला मोक्याची जागा मिळाल्यामुळे वाद्यांची आपापसातली देवाणघेवाण त्यांना लख्ख ऐकू आली. म्हातारा स्वतः व्हायोलिनचा नामांकित शिक्षक, मुलाच्या हातांचं कौतुक त्याला नवं नव्हतं. त्याला गहिवर आला तो वाद्यांच्या आपसातल्या बोलण्यानं. त्या काळच्या बुर्गथिएटरचा वाद्यवृंद साधारण पस्तीस जणांचा होता. १७८४च्या लेंटमधल्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या) ज्या मैफिलींसाठी मोझार्टनं १७४ वर्गणीदार जमवले, त्या तर ट्राटनरहोफ या इमारतीतल्या खासगी सभागृहात झाल्या. ही देवाणघेवाण ऐकू यावी इतकं जवळचं अंतर त्या मैफिलींना आपोआप मिळत होतं.

डिसेंबर १७८५मधल्या के. ४८२चा संथ भाग जरा थांबून ऐकण्यासारखा आहे. पहिल्या प्रयोगात श्रोत्यांनी तो पुन्हा वाजवायला लावला. संथ भागाला असा 'वन्स मोअर' मिळणं लिओपोल्डलाही नवल वाटलं. या रचनेत मोझार्टनं ओबो काढून त्यांच्या जागी क्लॅरिनेट घातले. भाग सी मायनरमध्ये सुरू होतो. व्हायोलिनं आवाज दाबणारी चिमटी लावून एक लांब, दुखरी चाल मांडतात, पियानो ती उचलतो आणि किंचित वळणं देतो. मग पियानो थांबतो, तंतुवाद्यंही थांबतात, आणि फ्लूट, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न एवढीच मंडळी मेजर स्वरांत एक सबंध प्रकरण वाजवतात. पुढे पुन्हा पियानो, आणि त्यानंतर फ्लूट आणि बासून यांचं उघड युगुलगान. ज्याचं नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलं तो या दोन्ही ठिकाणी मुकाट ऐकत बसलेला आहे. पन्नास-साठ तंतुवादकांच्या ताफ्यात हे फुंकवाद्यांचं प्रकरण मधल्या विरंगुळ्यासारखं वाटतं, कारण आधीची चाल इतकी भारदस्त झालेली असते. आठ-दहा व्हायोलिनांच्या वाद्यवृंदात दोन्हींचं वजन बरोबरीचं होतं, आणि पियानो परततो तेव्हा त्यानं मधल्या बोलण्यातून काही ऐकून घेतलं आहे असं वाटायला लागतं.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास या दृष्टीनं पाहिला तर १९३०च्या दशकात दोन वाटा दिसतात. एकीकडे ब्रूनो वॉल्टर १९३७मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह डी मायनर वाजवत आणि चालवत होते. दुसरीकडे एडविन फिशर त्याच वर्षी स्वतःच्या चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर के. ४५३ मुद्रित करत होते. फिशरचं ते जुनं, खरखरीत मुद्रण आजही ताजं वाटतं. युद्धानंतर दुसरी वाट रुंद झाली. त्यात सौंदर्यदृष्टीचा वाटा होता तसा हिशेबाचाही: संपूर्ण संच म्हणजे स्टुडिओतले ढीगभर दिवस, आणि पस्तीस जणांचं मानधन ऐंशी जणांपेक्षा कमी. गेझा आंडा यांनी १९६१ ते १९६९ या काळात साल्झबुर्गच्या कामेराटा आकाडेमिकाबरोबर, पियानोवरूनच वाद्यवृंद सांभाळत, संच पुरा केला. त्यातल्या के. ४६७चा संथ भाग 'एल्विरा मॅडिगन' या १९६७च्या स्वीडिश चित्रपटात गेला आणि संगीताशी फारसा संबंध नसलेल्यांच्याही ओठांवर आला. पाठोपाठ डॅनियल बारेनबॉइम आणि मरे पराया, दोघेही इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर. वाद्यवृंद तोच, पण ऐकू येणाऱ्या गोष्टी वेगळ्या. बारेनबॉइम मोठ्या रेषा काढतात, त्यांच्या हातात पस्तीस जणांचा ताफाही सिम्फनीच्या आकाराचा होतो. परायांचा संच १९७५ ते १९८४ असा हळूहळू तयार झाला आणि त्यात पियानो जागोजाग मागे सरून क्लॅरिनेटला, ओबोला वाट देतो. दोघांना मिळालेली संख्या सारखी असताना फळ इतकं निराळं, म्हणजे नुसती संख्या काही हमी देत नाही हेही इथेच कबूल करायला हवं.

यावर पहिला आक्षेप खुद्द मोझार्टच्या तोंडचा आहे. एप्रिल १७८१मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो आपल्या सिम्फनीच्या एका प्रयोगावर बेहद्द खूश आहे, आणि तिथे ४० व्हायोलिनं, १० व्हिओला, ८ चेलो आणि १० डबल बेस होते. मग लहान वाद्यवृंदाचा आग्रह ही विसाव्या शतकाची आवड नाही का? पत्र नीट वाचलं तर उत्तर त्यातच आहे. फुंकवाद्यंही दुप्पट होती आणि बासून तर सहा होते, हेही त्यानं हौसेनं नोंदवलं आहे. तंतुवाद्यं वाढली तेव्हा समोरचा पक्षही वाढवला होता. विसाव्या शतकातल्या मोठ्या वाद्यवृंदांनी व्हायोलिनं वाढवली आणि बासून दोनाचे दोनच ठेवले, गफलत तिथे झाली. तेव्हा प्रश्न प्रमाणाचा आहे. लहान वाद्यवृंद हा ते प्रमाण राखण्याचा सोपा मार्ग, एकमेव नव्हे. रोबेर काझादस्यू यांच्याबरोबर जॉर्ज सेल यांनी केलेली मुद्रणं हे सिद्धच करतात. सेल यांची शिस्त इतकी कडक की मोठ्या वाद्यवृंदाच्या परंपरेतून येऊनही फुंकवाद्यांची ओळ न ओळ वाचता येते. त्यांच्याच क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर मित्सुको उचिदा यांनी पुढे २००८पासून, पियानोवरून वाद्यवृंद सांभाळत, जी मुद्रणं केली त्यांतही हा गुण टिकून आहे. अशी उदाहरणं मात्र थोडी आहेत, आणि त्यांच्यामागे असाधारण कडक किंवा असाधारण कान असलेला माणूस आहे.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. मायक्रोफोनच्या युगात हा वाद कशाला, बासून ऐकू येत नसेल तर त्याच्यासमोर एक माइक ठेवा आणि कळ वर सरकवा. आवाज वर येतो हे खरं. पण वाजवताना बासूनवादकाला आपला स्वर वीस व्हायोलिनांच्या वर काढायचा असेल तर तो जोरानं फुंकतो, सुरुवातीचा आघात कडक होतो आणि वाक्याचा शेवट तोकडा. मुद्रणानंतर तुम्ही जे मोठं करता ते त्याचं ओरडणं असतं. शिवाय ऐकण्याचा संबंध दुहेरी आहे: पियानोवादकाला बासून तिथल्या तिथे ऐकू आला तरच तो आपलं उत्तर त्या घडणीनं देईल. हे संपादनाच्या टेबलावर घालता येत नाही.

मग पियानोवादकानंच नेतृत्व करावं का? आंडा, बारेनबॉइम, पराया यांच्यामुळे तसा एक आदर्शच बनून गेला आहे: पियानोचं झाकण काढलेलं, वादकाची पाठ श्रोत्यांकडे, वाद्याचं शेपूट वादकांच्या घोळक्यात. मांडणी म्हणून ती उत्तम, कारण फुंकवाद्यं वादकाच्या थेट नजरेत येतात. पण दोन्ही हात गुंतलेले असताना वाद्यवृंदाला जिथे मदतीची गरज असते तिथेच ती मिळत नाही, आणि बऱ्याच मुद्रणांत अशा जागा सुरक्षित, सरळसोट होतात. आंद्राश शिफ यांच्या संचात कंडक्टर आहेत शांडोर वेग, आणि वेग यांचं आयुष्य गेलं होतं तंतुवाद्यांच्या चौकडीत व्हायोलिन वाजवण्यात. त्यांनी साल्झबुर्गच्या कामेराटाला चौकडीसारखं वाजवायला शिकवलं. प्रत्येक मधल्या आवाजाला मत आहे, फुंकवाद्यं तर चक्क वाद घालतात. उचिदा यांच्या १९८०च्या दशकातल्या संचात जेफ्री टेट यांनी हेच काम सौम्यपणे केलं. संवाद घडवायला बाहेरचा माणूस चालतो, फक्त तो संवादाची सवय असलेला हवा. आल्फ्रेड ब्रेंडल आणि नेव्हिल मॅरिनर यांचा संच याच मोजपट्टीवर मला उणा वाटतो: सगळं घोटीव, सगळं जागच्या जागी, पण कुणी कुणाला अडवत नाही. १९९१च्या स्मृतिवर्षातल्या फिलिप्सच्या १८० सीडींच्या महासंचात तोच घेतला गेला, त्यामुळे पुष्कळांच्या कानांत मोझार्टचा कॉन्चेर्टो म्हणजे हाच घोटीवपणा बसला.

प्रमाणाचाच मुद्दा धरला तर पियानोलाही त्यातून सूट नाही. मोझार्टकडे आंटोन वॉल्टर यांनी बनवलेला फोर्टेपियानो होता: पाच सप्तकं, लाकडी सांगाडा, चामडं चढवलेले हलके हातोडे. आजचा मैफिलीचा ग्रँड जवळपास पाचशे किलोंचा, ओतीव लोखंडाच्या चौकटीचा आणि जाड नमद्याच्या हातोड्यांचा. त्याचा खर्ज दीर्घ काळ घुमतो आणि नेमक्या त्याच पट्टीत बासून आणि क्लॅरिनेटचा खालचा आवाज राहतात. जुन्या वाद्याचा स्वर चटकन विरतो, म्हणून डाव्या हाताच्या चार स्वरांमधूनही बासून डोकावू शकतो. माल्कम बिल्सन आणि जॉन एलियट गार्डिनर यांनी १९८०च्या दशकात तत्कालीन वाद्यांवरचा पहिला संपूर्ण संच केला तेव्हा बऱ्याच जणांना फोर्टेपियानो किरटा वाटला. 'गात नाही' ही तक्रार आजही ऐकू येते. तीत तथ्य आहे, पण ते एकट्या पियानोपुरतं. या रचनांत गाण्याचं काम बऱ्याचदा ओबो-क्लॅरिनेटकडे सोपवलेलं आहे आणि पियानोकडे बोलण्याचं. छोट्या छोट्या दोन-तीन स्वरांच्या जोडण्या ज्या मोझार्टनं इतक्या काळजीनं लिहिल्या, त्या वॉल्टरच्या वाद्यावर आपोआप अर्थपूर्ण होतात. योस व्हान इमरसील, रोनाल्ड ब्राउटिगम आणि फ्रायबुर्गच्या बारोक वाद्यवृंदाबरोबरचे क्रिस्टियान बेझॉयडेनहाउट यांनी पुढे हे अधिकाधिक पटवून दिलं. के. ४५३ बेझॉयडेनहाउट यांच्याकडून ऐकल्यावर बिल्सन जरा शाळकरी वाटतात, पण रस्ता त्यांनी खोदला.

इथे आणखी एक भानगड येते. सगळा वाद्यवृंद वाजत असताना पियानोनं काय करायचं? मोझार्टच्या हस्तलिखितांत अशा जागी पियानोच्या ओळीत बेसबरोबर जाण्याच्या सूचना आहेत, म्हणजे त्यानं खर्ज धरून स्वरसंगती भरायची. जुन्या वाद्यांचे पुरस्कर्ते तसं वाजवतात. चार्ल्स रोझेन यांनी 'द क्लासिकल स्टाइल' या १९७१च्या पुस्तकात त्याला कडाडून विरोध केला. ही जुनी सवय कागदावर उरली होती, संगीताला तिची गरज नव्हती, असा त्यांचा एकूण सूर. माझ्या मते दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि रेषा पुन्हा फुंकवाद्यांपाशीच आखावी लागते. के. ४१४सारख्या रचनेत मधली स्वरसंगती विरळ आहे, तिथे पियानोची भर सुखावते. के. ४९१मध्ये ओबो आणि क्लॅरिनेट दोन्ही आहेत, शिवाय फ्लूट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट आणि टिम्पनी. तिथे ती मधली जागा आधीच इतकी भरलेली असते की पियानोची भर चिखल करते. सगळ्या कॉन्चेर्टोंना एकच नियम लावणारा संच, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, निम्म्या रचनांवर अन्याय करतो.

मुद्रणाची मोठी उणीव मात्र वेगळीच आहे आणि ती लहान वाद्यवृंदानं भरून निघत नाही. मोझार्टनं पियानोची ओळ बऱ्याच जागी पुरी लिहिलीच नाही. के. ५३७च्या हस्तलिखितात डावा हात पानंच्या पानं कोरा आहे. के. ४५१च्या संथ भागात काहीतरी राहिलंय, अशी कुरकुर बहिणीनं केली तेव्हा त्यानं ती मान्य केली आणि सजवलेली ओळ पाठवायचं कबूल केलं. के. ४८८च्या संथ भागात शेवटाकडे उजवा हात उघड्याबोडक्या लांब उड्या घेतो. त्या भागाची त्याच्या काळातलीच एक भरगच्च सजवलेली प्रतही उपलब्ध आहे. तरी बहुतेक मोठे वादक त्या उड्या छापल्या आहेत तशाच वाजवतात आणि समीक्षक त्या ओकेपणाला गहनता म्हणतात. बंदिशीचं नोटेशन तेवढं गाऊन उठणाऱ्या ख्यालगायकाला आपण टाळ्या देऊ का? आक्षेप असा येतो, की पन्नास वेळा ऐकायच्या मुद्रणात उत्स्फूर्त तान दुसऱ्या वेळीच शिळी होते. हे खरं असतं तर आपल्याकडची जुनी मैफिलींची मुद्रणं कुणी जपली नसती. रॉबर्ट लेव्हिन यांनी अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकबरोबर क्रिस्टोफर हॉगवुड यांच्या हाताखाली १९९०च्या दशकात हे धाडस सुरू केलं: केडेंझा जागच्या जागी रचलेला, परतून आलेली ओळ दर वेळी थोडी बदललेली. कंपनीनं मालिका मध्येच सोडली. वाद्यवृंदानं स्वतःच्या लेबलवर ती या दशकात पुरी केली. लेव्हिन यांचं सगळंच जमलेलं नाही, काही ठिकाणी तर हुशारीचं प्रदर्शन होतं. पण सजावटीला फुंकवाद्यांकडून उत्तर येतं तेव्हा इतर संच अचानक पाठांतरासारखे वाटतात.

अलीकडच्या दोन मालिकांनी जुन्या वाद्यांपासून धडा घेऊन आधुनिक पियानो ठेवला. झां-एफ्लाम बाव्हुझे मँचेस्टर कामेराटा आणि गाबोर ताकाच-नॉज यांच्याबरोबर. ताकाच-नॉजही मूळचे चौकडीतले, हा योगायोग मला वाटत नाही. लाइफ ओव्ह आंडस्नेस यांनी माहलर चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर १७८५ आणि १७८६ ही दोनच वर्षं निवडली. संपूर्ण संचाचा हव्यास सोडणं हा त्यातला शहाणपणाचा भाग, कारण फुंकवाद्यांचा बहर याच वर्षांतला आहे. वॉल्टरच्या फोर्टेपियानोचा हलकेपणा पेडलच्या बाबतीत कंजूस राहून कितपत आणता येतो ते त्यांच्या के. ४८२मध्ये कळतं. निवड करायचीच तर १७८४च्या कॉन्चेर्टोंसाठी शिफ-वेग, के. ४८२साठी आंडस्नेस किंवा पराया, के. ४१४सारख्या आधीच्या रचनांसाठी ब्राउटिगम, आणि सगळं ओळखीचं झाल्यावर लेव्हिन, असा क्रम मी लावेन. एक किरकोळ तक्रार राहतेच. या बहुतेक मुद्रणांच्या वेष्टणावर पियानोवादक ठळक, त्याखाली कंडक्टर, त्याखाली वाद्यवृंद, के. ४८२मधलं युगुलगान ज्या दोघांनी वाजवलं त्यांची नावं शोधायची तर आतली पुस्तिका भिंग घेऊन चाळावी लागते, आणि तिथेही ती सापडतीलच असं नाही.